विलायतेचं मावंदं

पंगतीतल्या पहिल्या पानाची किंमत ज्याला ते कधी मिळालेलं नाही त्यालाच नीट कळते. तंजावूरच्या मेलवीथीतल्या मराठी मंडळींत ते पान एकोणीसशे एकाहत्तर सालापासून तुळजाजीरावांचं होतं. लग्न असो, मुंज असो, कोणाची साठीशांत असो, केळीची पानं मांडून झाली की वाढणारे भिंतीकडच्या टोकाच्या पानापाशी थबकत आणि तुळजाजीराव कुठे आहेत ते मान उंचावून बघत. तुळजाजीराव तोवर मुद्दाम बाहेर कोणाशी तरी कावेरीला यंदा पाणी केव्हा सुटणार याबद्दल बोलत उभे असत. दुसरी हाक आली की "माझ्यासाठी कशाला थांबलात" असं म्हणत आत येत, बसत, आणि मग बाकीचे चाळीस-पन्नास जण बसत. गंधाची वाटी आधी त्यांच्यापुढे यायची. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं की पंगत सुरू.

हा मान कशाबद्दल, तर तुळजाजीराव काशीला जाऊन आले होते. नुसते जाऊन आले नव्हते. रामेश्वरची वाळू नेऊन प्रयागला सोडली होती, गंगा आणून रामेश्वराला घातली होती, आणि परतल्यावर रीतसर मावंदं केलं होतं. यात्रा सुखरूप पार पडली म्हणून गंगेची पूजा करून आप्तांना जेवू घालायचं, त्याला मावंदं म्हणतात, आणि ज्याचं मावंदं झालं तो पहिल्या पानावर, असा मेलवीथीतला रिवाज. त्यांच्यानंतरही दोन-चार जण काशीला गेले, पण ते परत आल्यावर एकतर फार जगले नाहीत, नाहीतर फार बोलले नाहीत. तुळजाजीरावांनी दोन्ही केलं.

शेषाद्री हा त्यांचा साडू. तुळजाजीरावांची विशालाक्षी थोरली, शेषाद्रीची राजलक्ष्मी धाकटी. तुळजाजीराव ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. शेषाद्रीनं पापनाशम स्टेशनच्या खिडकीत बसून तीस वर्षं लोकांना तिकिटं विकली आणि स्वतः तिरुचिरापल्लीच्या पलीकडे फारसा गेला नाही. असा साडू असणं ही तुळजाजीरावांच्या आयुष्यातली एक मोठी सोय होती. काशीची गोष्ट सांगताना प्रयागच्या संगमावर ते जरा अडखळले, तर "आणि मग नाववाला काय म्हणाला, अण्णा?" असं शेषाद्रीच पुढे विचारायचा. पंगतीत त्याचं पान चौदावं किंवा पंधरावं असे, आणि तिथून तो मान वाकडी करून ऐके.

पंचाण्णव साली, जागतिक तमिळ संमेलनासाठी गावातले रस्ते गुळगुळीत झाल्यानंतर चार-पाच महिन्यांनी, या शेषाद्रीला विमानाचं तिकीट आलं. त्याचा मुलगा सतीशकुमार इंग्लंडात डॉक्टर. सँडमाउथ नावाच्या समुद्रकाठच्या गावातल्या इस्पितळात नोकरीला. अप्पा-अम्मांनी येऊन चार महिने राहावं, असं त्याचं म्हणणं. विमानात पाय लांब करता येत नाहीत हे कोणाकडून तरी कळल्यावर राजलक्ष्मी राहिली आणि शेषाद्री एकटाच गेला. त्याला निरोप देताना तुळजाजीराव म्हणाले, "जपून. तिथं बघायला काही नसतं." ते स्वतः तिथं गेलेले नव्हते, पण काशीला गेलेल्या माणसाला इतर ठिकाणांचा अंदाज असतो.

सप्टेंबरात शेषाद्री परत आला तो बहात्तर फोटोंचा आल्बम घेऊन.

पहिल्याच रविवारी राजलक्ष्मीच्या घरी वीस माणसं जमली. तुळजाजीरावही गेले, न जाणं बरं दिसलं नसतं. शेषाद्री खाटेवर मधोमध बसला होता आणि आल्बमचं एकेक पान उलटत होता.

"हा पूल बघा. लाकडाचा, खाली लोखंडाचे खांब. इथून निघतो तो समुद्रात अर्धा मैल जातो."

"आणि पलीकडे कुठं पोचतो?" कोणीतरी विचारलं.

"कुठंच नाही. तिथं संपतो. लोक तिकीट काढून टोकापर्यंत जातात, समुद्राकडे बघतात आणि परत येतात."

"परतीचं तिकीट वेगळं?"

"परत येणं फुकट," शेषाद्री म्हणाला, आणि तीस वर्षं तिकिटं विकलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग वाकड्या आरशांचं घर आलं, त्यात शेषाद्री आधी भोपळ्यासारखा आणि मग मुरुंगाच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगेसारखा दिसत होता. काचेचा बोगदा आला, त्यात माणसं खाली आणि मासे डोक्यावरून जात होते. एक भलं मोठं झुंबरांचं दालन आलं, तिथं सकाळी अकरा वाजता आजोबा-आज्या हातात हात घालून नाचत होते आणि त्यांना कोणी काही म्हणत नव्हतं. भाड्यानं मिळणाऱ्या कापडी खुर्च्या आल्या.

"आपल्याकडे समुद्रावर कशाला जातात?" शेषाद्री म्हणाला. "ग्रहण लागलं म्हणून, नाहीतर कोणी गेलं म्हणून. नागपट्टणमचा समुद्र इथून अडीच तास. नुसता बघायला म्हणून कोणी गेलंय? तिथं लोक मजेसाठी जातात. म्हातारी नवराबायको गाडी समुद्राकडे तोंड करून लावतात, आतच बसतात, फ्लास्कमधला चहा पितात. काचा बंद. दोन तास बसतात आणि निघून जातात. भांडतसुद्धा नाहीत."

हे ऐकून बायका गप्प झाल्या. काशीच्या गोष्टीला त्या इतक्या गप्प कधी झाल्या नव्हत्या, हे तुळजाजीरावांनी टिपलं. त्यांच्या छातीच्या डाव्या बाजूला काहीतरी आंबट वर आलं. त्याला मत्सर म्हणावं असं त्यांच्या मनात आलं नाही. त्यांना वाटलं पित्त असेल.

शेवटी गाढव आलं. वाळूवर उभं असलेलं करडं गाढव, त्यावर चार वर्षांची नात हरिणी, आणि लगाम धरून शेषाद्री.

"गाढवावर?" तुळजाजीरावांना बोलायला अखेर जागा सापडली. "आपल्यात माणसाला गाढवावर कधी बसवतात ठाऊक आहे ना? तोंडाला काळं फासून."

"तिथं आइस्क्रीम देऊन बसवतात, अण्णा," शेषाद्री शांतपणे म्हणाला. "आणि गाढवाला नाव असतं. कपाळाच्या पट्ट्यावर लिहिलेलं. ह्याचं विल्यम."

वीसच्या वीस माणसं हसली. विशालाक्षीसुद्धा. तुळजाजीरावांनी तिच्याकडे पाहिलं, पण तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती विल्यमकडे बघत होती.

त्या हशातच राजलक्ष्मीनं जाहीर केलं की पुढच्या पंधरवड्यात ती नवऱ्याचं मावंदं करणार. सात समुद्रांपलीकडून माणूस हातीपायी धड परत आला, मग का करू नये?

तुळजाजीराव घरी आले ते चप्पल न काढताच गंगाबाईंकडे निघाले.

गंगाबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. तोंडात दात नव्हते, पण मेलवीथीतल्या बेचाळीस घरांतला प्रत्येक रिवाज, प्रत्येक सोयरीक आणि प्रत्येक रुसवा त्यांना तोंडपाठ होता. घराबाहेरच्या ओट्यावर, ज्याला तंजावुरात सगळे तिण्णै म्हणतात, तिथं खांबाला टेकून त्या बसत आणि निकाल देत. त्यांच्या निकालावर आजवर कोणी अपील केलं नव्हतं.

"अक्का, मावंदं काशीचं असतं," तुळजाजीराव म्हणाले. "समुद्रावर हवा खाऊन आलेल्या माणसाचं नव्हे."

"काशीला काय हवा नव्हती?"

"अक्का, तसं नव्हे. उद्या कोणीही उठेल आणि पहिल्या पानावर बसेल."

"हां," गंगाबाई म्हणाल्या. "म्हणजे पानाचं दुखतंय."

दुखत होतं ते तिथंच, पण इतक्या चटकन बोट ठेवायला नको होतं.

गंगाबाईंनी थोडा वेळ हिरड्यांनी सुपारी चघळल्यासारखं केलं. "तीर्थाला जाणाऱ्यानं तीन गोष्टी करायच्या. स्नान करायचं. तिथलं काहीतरी घेऊन यायचं. आणि आवडीची एक गोष्ट तिथं कायमची सोडून यायची. त्यानं तिन्ही केल्या असतील तर गाव कुठलं का असेना, नको म्हणणारी मी कोण? केल्या नसतील तर राजीला सांगेन, जेवण घाल, पण मावंदं म्हणू नको. शनिवारी दोघंही या."

तुळजाजीरावांना हायसं वाटलं. शेषाद्री तंजावूरच्या भर मे महिन्यातही कढत पाण्यानं अंघोळ करणारा माणूस. तो विलायतेच्या समुद्रात उतरणं शक्य नव्हतं. तरी खात्री असावी म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी ते साडूकडे गेले आणि अतिशय गोड बोलून, "त्या दिवशी गर्दीत नीट बघता आलं नाही रे," असं म्हणून आल्बम घरी घेऊन आले. शेषाद्रीला इतका आनंद झाला की त्यानं तो धुतलेल्या पंच्यात गुंडाळून दिला.

तुळजाजीराव चष्मा लावून आल्बम मांडीवर घेऊन बसले. ओरत्तनाडूला तीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज तपासले होते. खोट शोधायची त्यांना सवय होती. पण फोटो जितके बघावेत तितकं पित्त वाढू लागलं. पुलावर शेषाद्री. आरशात शेषाद्री. माशांखाली शेषाद्री. गुडघ्याएवढ्या घरांच्या खेळण्यातल्या गावात, चर्चच्या कळसावर हात ठेवून, आपण तंजावूरचे राजे असल्यासारखा शेषाद्री. आपल्याला घाटावर उभं करून फोटो काढायचं कोणाला सुचलं नाही, हे त्यांना चोवीस वर्षांनी पहिल्यांदा लागलं.

विशालाक्षी कॉफी घेऊन आली आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"बिचारा," ती म्हणाली.

"कोण बिचारा?"

"शेषाद्री. चार महिन्यांत एकच कोट. तोही सतीशचा दिसतोय, बोटंसुद्धा बाहेर येत नाहीत. सुनेनं धुवायचा तरी. कॉलरवर केवढा डाग."

ती आत गेली. तुळजाजीरावांनी कॉफी खाली ठेवली.

कोट तपकिरी होता, आणि खरंच सगळ्या फोटोंत तोच होता. डाग डाव्या कॉलरवर, पांढरा, आइस्क्रीमचा. त्यांनी पहिल्यापासून पानं उलटली. नवव्या फोटोत हरिणी कडेवर, तिच्या हातात आइस्क्रीम. आठव्यापर्यंत कॉलर स्वच्छ. दहाव्यापासून बहात्तराव्यापर्यंत डाग, जागच्या जागी, तोच. पहिल्या फोटोत पुलाच्या दारावरचं घड्याळ दहा वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. शेवटच्या फोटोत मागच्या इमारतीवर सव्वासात वाजले होते, आणि तिकडे उन्हाळ्यात त्या वेळी ऊन असतं हे शेषाद्रीनंच सांगितलं होतं.

म्हणजे बहात्तर फोटो एकाच दिवसाचे. चार महिन्यांची विलायत एका दिवसात आटोपली होती.

काशीतल्या आपल्या मुक्कामाची अशी तपासणी कोणी केली नव्हती, हे तुळजाजीरावांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं आणि गेलं. त्यांनी आल्बम पुन्हा पंच्यात गुंडाळला आणि आत हाक मारून आणखी एक कॉफी मागवली.

शनिवारी चार वाजता गंगाबाईंच्या तिण्णैवर दोन्ही साडू आणि दोन्ही बहिणी बसल्या होत्या, आणि रस्त्यावर उभं राहून ऐकायला हरकत नसल्यामुळे आणखी दहा-बारा जण उभे होते.

"स्नान केलंस काय रे?" गंगाबाईंनी सुरुवात केली.

शेषाद्री खरं बोलणाऱ्या माणसासारखा अवघडला. "करायचं नव्हतं, अक्का. पँट दुमडून घोट्यापर्यंत उभा होतो. पाणी म्हणजे बर्फाच्या कारखान्यातलं. हरिणी म्हणाली, आजोबा, शिंपला. मी वाकलो. तेवढ्यात मागून लाट आली ती इथवर." त्यानं काखेला हात लावला. "तोंडातपण गेलं."

"हे स्नान नव्हे, अपघात," तुळजाजीराव म्हणाले.

"तू प्रयागला नावेतून घसरलास ते काय होतं?"

"अक्का, तिथं संकल्प सोडलेला होता."

"घसरताना?" गंगाबाई म्हणाल्या. रस्त्यावरचे हसले. "स्नान जालं. काय आणलंस?"

शेषाद्रीनं मान खाली घातली. काही आणलं नव्हतं. आणावं हे सुचलंच नव्हतं. तुळजाजीराव थोडे पुढे सरकून बसले. पण राजलक्ष्मी बोलली.

"ह्यांच्या बुटांत वाळू निघाली, अक्का. चिमूटभर. परमुलखातली, फेकायची कशी? डबीत घालून देवापुढे ठेवलीय."

"वाळू चालते. आपण रामेश्वरहून गंगेला वाळूच नेतो की." गंगाबाईंनी दोन बोटं मिटली. "आता राहिलं सोडणं."

तुळजाजीरावांना थांबवेना. तिसऱ्या बोटाआधीच काय ते व्हायला हवं होतं. त्यांनी पंचा सोडला, आल्बम काढला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "शेषाद्री, पूल बघायला गेलास तेव्हा अंगात कुठला कोट होता?"

"हाच की. तपकिरी."

"आणि मासे बघायला?"

शेषाद्री आल्बमकडे बघत राहिला.

"आणि त्या आरशांच्या घरात? विल्यमशेजारी? कॉलरवरचा डाग बघ. नवव्या फोटोत पडला तो शेवटपर्यंत कसा रे टिकला? चार महिने? सून कपडे धूत नाही काय?" तुळजाजीरावांनी आल्बम गंगाबाईंपुढे ठेवला. "अक्का, हा माणूस त्या गावात एकशे वीस दिवस होता, आणि गाव त्यानं बघितलं एक दिवस. मावंदं कशाचं करायचं?"

विशालाक्षी खोकली. ती काशीला बरोबर गेलेली होती. तुळजाजीरावांनी तो खोकला ऐकला नाही.

राजलक्ष्मी पदरानं वारा घेत होती, ती थांबली. "खरं काय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"खरं," शेषाद्री म्हणाला. "एकोणीस जुलै. बुधवार."

"मग बाकीचे दिवस?"

"खोलीत. इस्पितळाच्या मागं तिसरा मजला. सतीश सकाळी जायचा तो कधी येईल त्याचा नेम नाही. सूनही नोकरीला. दुपारी हरिणी शाळेतून यायची, तिला मी बघायचो. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. समुद्र दिसत नाही, वास येतो. आणि ते पांढरे मोठे पक्षी खिडकीवर येऊन बसतात." तो थोडा थांबला. "त्या गावात गाढवांना शुक्रवारी सुट्टी असते, अक्का. जेवायलासुद्धा तासभर सोडतात. सतीशला तेवढीही नव्हती."

"मग तीस पत्रांत मजेत आहे, मजेत आहे म्हणून काय लिहीत होता?" राजलक्ष्मी म्हणाली.

गंगाबाईंनी आल्बमला हात लावला नव्हता. "सोडलंस काय ते सांग," त्या म्हणाल्या.

"मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं, समुद्र कधी दाखवतोस? म्हणाला, उद्या नक्की, अप्पा. मग रोज विचारायचो. रोज उद्या नक्की. अडीच महिन्यांनी त्याला एक दिवस मिळाला, तोही दोन रात्री जागून. सकाळपासून धावत सगळं दाखवलं, हे बघा अप्पा, ते बघा अप्पा, फोटो काढू, उभे राहा. संध्याकाळी गाडी समुद्राकडे तोंड करून लावली. म्हणाला, पाच मिनिटं बसू. आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला. मागं हरिणी झोपलेली. मी शेजारी. दोन तास बसलो. उठवलं नाही." शेषाद्रीनं पंच्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मला तर तो समुद्रापेक्षा जास्त बघायला मिळाला. त्या दिवसानंतर विचारलं नाही. विचारणं तिथंच सोडून आलो."

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग गंगाबाई तुळजाजीरावांकडे वळल्या.

"तू काशीला काय सोडलं होतंस रे?"

"पडवळ," तुळजाजीराव म्हणाले.

"तू पडवळ आधी तरी कुठं खात होतास?"

गंगाबाईंनी तिसरं बोट मिटलं. "येत्या शनिवारी मावंदं. पहिलं पान शेषाद्रीचं. तुळजाजी, दुसरं तुझं."

लोक पांगताना "एका दिवसात एवढं सगळं" असं एकमेकांना सांगत होते, आणि त्यांच्या आवाजात आधीपेक्षा जास्त आदर होता. तुळजाजीराव घरी परतले. वाटेत त्यांनी स्वतःशी हिशेब लावून पाहिला की आपल्याला नेमकं कशाचं वाईट वाटतंय. पुलाचं नव्हतं, माशांचं नव्हतं. शेवटी त्यांना आढळलं की ते त्या गाडीतल्या दोन तासांचं होतं. साडूचं दुःखसुद्धा विलायती निघालं होतं, आणि आपल्याजवळ पडवळ होतं.

"बोलायची काय गरज होती?" विशालाक्षी चालता चालता म्हणाली.

"खरं होतं ते बोललो."

"मला खोकला उगीच आला नव्हता," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत पुढे चालत राहिली.

शनिवारी राजलक्ष्मीच्या घरी डबीतल्या चिमूटभर वाळूची पूजा झाली. भटजींनी गंगेचे मंत्र म्हटले. सँडमाउथच्या समुद्राचे वेगळे मंत्र त्यांना येत नव्हते. मग पानं मांडली. तुळजाजीराव सवयीनं बाहेर जाऊन उभे राहिले, मग कोणी हाक मारणार नाही हे लक्षात येऊन आपणच आत आले. शेषाद्री पहिल्या पानापाशी नुसता उभा होता, रेल्वेच्या डब्यात दुसऱ्याच्या जागेवर चढलेल्या माणसासारखा.

"बस की," तुळजाजीराव दुसऱ्या पानावर बसत म्हणाले. "तू बसल्याशिवाय कोणी बसत नाही."

"तुम्ही आधी बसा, अण्णा."

"मी बसलोय. आता पाणी फिरव. असं नव्हे, उजवीकडून."

पन्नास माणसं जेवू लागली. डांगर पच्चडी आली, आंबट वरण आलं. प्रत्येक पदार्थ आधी शेजारच्या पानावर पडायचा आणि मग इकडे यायचा, एवढंच अंतर, पण तुळजाजीरावांना ते प्रत्येक वेळी दिसत होतं.

"अण्णा," शेषाद्री वाकून हळूच म्हणाला, "चोवीस वर्षं मी चौदाव्या पानावरून तुमच्याकडे बघत होतो. केवढा हेवा वाटायचा म्हणून सांगू. तिकडे त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून रोज मनात सांगून बघायचो, परत गेल्यावर अण्णांना हे असं सांगायचं, ते तसं सांगायचं. सांगायला काहीच नव्हतं. तो एक दिवस मिळाला तो मी सगळा तुम्हाला सांगण्यासाठीच बघितला."

तुळजाजीरावांचा घास हातातच राहिला. आपला कोणी हेवा करत होतं, हे त्यांना कोणी इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. वेळेवर सांगितलं असतं तर त्याची मजा घेता आली असती.

त्यांनी विशालाक्षी कुठे आहे ते पाहिलं. ती पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला वाढत होती.

"काशीत आम्ही नऊ दिवस होतो," ते भाताकडे बघत म्हणाले. "धर्मशाळेतलं पाणी बाधलं. साडेसात दिवस पडून होतो. तिनं चमच्यानं पेज भरवली."

शेषाद्री चावायचं थांबला. "मग ते पाच घाट? तो अघोरी? विश्वनाथाच्या गल्लीतला बैल?"

"घाट दोन बघितले. बैल शेजारच्या खाटेवरच्या कानडी माणसानं सांगितला." तुळजाजीरावांनी वरणाचा ओघळ भातानं अडवला. "आता ऐक. सगळे फोटो एकदम दाखवलेस ही तुझी मोठी चूक. दिवाळीपर्यंत तुझं काही शिल्लक राहणार नाही. एका पंगतीला एकच गोष्ट. आज गाढव. पूल कार्तिकात. आरसे पुढच्या वर्षी. आणि ते गाडीत झोपल्याचं पुन्हा सांगू नको. त्यावर माणसं एकदाच गप्प होतात."

"आणि गाढवाचं काय?"

"विल्यम हे नाव तू शेवटी सांगतोस, ते बरोबर. पण त्याआधी थांबत नाहीस. पट्ट्यावर लिहिलेलं होतं, म्हण, आणि एक घास खा. सावकाश. लोक विचारतील, काय लिहिलं होतं? मग सांग."

थोड्या वेळानं सहाव्या पानावरून कोणीतरी हाक दिली, "शेषाद्री, त्या गाढवाचं सांग की. आमच्या सुब्रमण्यमनं ऐकलेलं नाही."

शेषाद्रीनं तुळजाजीरावांकडे पाहिलं. तुळजाजीरावांनी पापणी खाली केली. शेषाद्री सांगू लागला. वाळू, ऊन, रांगेत उभी असलेली सात गाढवं, हरिणीचा हट्ट. "कपाळाच्या पट्ट्यावर नाव लिहिलेलं," तो म्हणाला, आणि भाताचा घास तोंडात घालून सावकाश चावू लागला. पंगतीत वाढणारेही थांबले. पन्नास हात पानांवर तसेच. "काय लिहिलं होतं?" तीन-चार जणांनी एकदम विचारलं.

शेषाद्रीनं घास गिळला आणि सांगितलं.

हशा असा उठला की बाहेर रिक्षावाल्यानं आत डोकावून पाहिलं. गंगाबाई हिरड्या दाखवत खांबाला टेकून हसत होत्या. तुळजाजीराव सगळ्यांच्या आधी, अर्धा क्षण आधी हसले होते, कारण कुठे हसायचं हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी उजवीकडे पंगतीच्या टोकापर्यंत पाहिलं. पन्नास तोंडं त्यांच्याच दिशेनं वळलेली होती आणि त्यांच्यापलीकडे बघत होती.

विशालाक्षी खिरीचं भांडं घेऊन भिंतीकडच्या टोकाला आली. तिनं शेषाद्रीला दोन डाव वाढले, अजूनही हसू आवरत, आणि नवऱ्याच्या पानासमोर वाकली.

"वाढू?"

तुळजाजीरावांनी पानावर आडवा हात धरला. "पुरे," ते म्हणाले. "आज पित्त आहे."

तिनं त्यांचा हात बाजूला केला आणि एक डाव वाढला.